संक्रांतीच्या वाणातली अमेरिका

त्या कादंबरीत पहिला खून तिसऱ्या पानावर होतो आणि पहिली शिवी पहिल्याच ओळीत येते. हे मी आमच्या सासूबाईंना आधीच सांगायला हवं होतं. मी त्यांना सांगितलं, "अमेरिकेच्या इतिहासावरचं पुस्तक आहे, आई." तसं ते अगदीच खोटं नव्हतं. अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाचा खून होतो. तो कुणी केला, कुणी करवला आणि कुणी दडपला, याची ती जाडजूड कहाणी. पोलीस हेरांना विकले गेलेले, हेर गुंडांना आणि गुंड तेलाच्या व्यापाऱ्यांना. सरळ माणूस औषधालाही नाही. त्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद मी केला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वसईच्या एका शाळेत सकाळच्या सत्रात इंग्रजी शिकवायची आणि दुपारी अनुवादाची कामं करायची. त्याआधी ग्रहताऱ्यांवर दोन आणि मधुमेहींच्या आहारावर एक, अशी माझी निरुपद्रवी पुस्तकं निघाली होती. मग पुण्याच्या प्रकाशकांनी हे बाड पाठवलं आणि वर फोन करून बजावलं, "बाई, शिव्या गाळू नका हं. सगळी चव त्यातच आहे."

मला तेव्हा जेमतेम दीड शिवी येत होती. पण देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, तसा आमच्या इमारतीखाली एक दिवसाआड पाण्याचा टँकर यायचा. नळ अजून आले नव्हते. टँकरवाला, त्याचा क्लीनर आणि बिल्डरचा सुपरवायझर यांचं आपसात जे बोलणं चालायचं, ते मी दोरीवरचे कपडे सावकाश, अति सावकाश काढत ऐकून घ्यायची. अमेरिकेचे मारेकरी माझ्या मराठीत त्यांच्यासारखे बोलू लागले. पुढेपुढे मला तो नादच लागला. कुठे वाक्य अडलं, की हे आपल्यात कोण कसं म्हणेल, असा विचार करायचा आणि त्या माणसाचं वाक्य उचलायचं. हॉटेलवाला आमच्या वाण्यासारखा बोलला. राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला मी माझ्या आतेचा ठसका दिला. उचलेगिरीच ती, पण प्रकाशक खूश झाले. "अनुवाद वाटतच नाही," म्हणाले. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पिस्तूल होतं आणि मागे फाटका झेंडा. सासूबाईंनी ते चष्मा वर करून पाहिलं.

"हे पिस्तूल कशाला गं?"

"त्यांचं स्वातंत्र्ययुद्ध झालं होतं ना, आई."

त्यांना पटलं. त्यांचा माझ्यावर फार विश्वास होता, आणि त्याचीच मला पुढे लाज वाटली.

सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, लग्नानंतर सगळा संसार लालबागच्या एका खोलीत केलेला. वसईला तीन खोल्यांचा ब्लॉक झाल्यावर त्यांना पहिल्यांदा हळदीकुंकू घालण्याइतकी जागा मिळाली. दर संक्रांतीला इमारतीतल्या सगळ्या सवाष्णींना बोलावणं जायचं. एव्हाना सगळ्यांच्या घरी प्लास्टिकच्या साबणदाण्या, गाळण्या आणि स्टीलच्या चमच्यांचा ढीग झाला होता. त्या वर्षी सासूबाईंनी ठरवलं, की आपण काहीतरी वेगळं वाण लुटायचं. ज्ञानाचं. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून माझ्या नवऱ्याकरवी त्यांनी परस्पर प्रकाशकांकडून पुस्तकांचा गठ्ठा मागवला आणि पलंगाखाली लपवला.

मी शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम आटोपून संध्याकाळी घरी आले, तर दारात चपलांचा खच. आतून अत्तराचा वास. आणि काळ्या चंद्रकळा नेसलेल्या, हातात वाण घेतलेल्या बायका एकेक करून बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या हातात पिस्तूल. त्यावर तिळगुळाची पुडी आणि झेंड्याच्या एका कोपऱ्यात सासूबाईंनी हौसेने ओढलेली हळदीकुंकवाची बोटं.

"सून इतिहासकार झालीय आमची," सासूबाई सांगत होत्या.

 हिसकावून घेणार तरी कुणाकुणाकडून? एकदा दिलेलं वाण परत मागायची पद्धत आपल्यात नाही. मी हातपाय धुतले, साडी बदलली आणि उरलेल्या बायकांना अत्तर लावत उभी राहिले.

तीन दिवस शांततेत गेले. चौथ्या दिवसापासून वाचकांच्या प्रतिक्रिया यायला लागल्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाईंनी ते दोन दिवसांत फस्त केलं होतं. त्यांनी जिन्यात मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "दुसरा भाग कधी?" त्यांच्या शेजारणीचे निवृत्त यजमान वाण बायकोचं असूनही स्वतःच वाचत बसले होते. राष्ट्राध्यक्षाला खरं कुणी मारलं, याबद्दल त्यांचं स्वतःचं निराळं मत होतं आणि ते त्यांनी मला भाजीची पिशवी हातात असताना फाटकापाशी उभं करून साद्यंत ऐकवलं. भजनी मंडळातल्या एका आजींनी "तसली" पानं गाळून फक्त खून तेवढे वाचले आणि ते दुपारी मंडळात रोज थोडेथोडे सांगायला सुरुवात केली. मंडळाची हजेरी वाढली म्हणे. एकीचा नवरा माझ्याकडे बघून नुसताच हसला. ते हसू मला आठवडाभर पुरलं. "दिसता किती साध्या हो तुम्ही!" असं तर जी ती म्हणायची.

आणि सगळ्यांनी टँकरवाला ओळखला. "हा आपला तोच बोलतोय की नाही?" असं विचारून त्या हसायच्या, आणि मी कपड्यांची दोरी आठवून कानशिलं तापेपर्यंत लाजायची.

सासूबाईंच्या कानावर हे गेलं. संध्याकाळी दिवा लावताना म्हणाल्या, "देवापुढे ठेवून मग वाटली गं मी ती." एवढंच. पुस्तकाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, वाचायचं तर लांबच. मला वाटलं, माझी लाज इथे संपली.

पण ती इथे सुरू होत होती. पुस्तक वाचलेल्या बायका तळमजल्यावर, पत्रांच्या पेट्यांपाशी थांबून बोलायच्या. आणि शिव्यांचं हसू ओसरलं, की सगळ्यांचं बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन टेकायचं. "काय मेली ती अमेरिका! दिवसाढवळ्या माणसाला मारतात आणि बघणारे खुशाल गप्प बसतात!" "माणसाला किंमतच नाही हो तिकडे." पेट्यांना लागूनच तळमजल्याच्या एका ब्लॉकचं दार होतं. ते बहुधा उघडंच असायचं. आत पाटावर बसून एक बाई अबोलीचे गजरे करत असायची.

आमची इमारत वसईतल्या उमेळे गावच्या ज्या वाडीवर उभी होती, ती वाडी त्या बाईच्या सासरची. केळी, पानवेली, चाफ्याची झाडं, विहीर, सगळं होतं म्हणे. जमीन दिली त्याबदल्यात त्यांना तळमजल्यावर दोन ब्लॉक मिळाले. पण इमारतीच्या मागची एक पट्टी तिच्या नवऱ्याने दिली नव्हती. बिल्डरला पलीकडच्या नव्या इमारतींसाठी तिथून रस्ता हवा होता, आणि हा गृहस्थ म्हणायचा, विहीर बुजवून रस्ता होणार नाही. एका उन्हाळ्यात, दुपारी तीनच्या सुमारास, स्कूटरवरून दोघे आले आणि त्याला त्या पट्टीवरच लोखंडी सळ्यांनी मारून गेले. तो जगला, पण पुन्हा सरळ उभा राहिला नाही, की जबाब देण्याइतकं धड बोलला नाही. दीडेक वर्षाने गेला.

ती पट्टी इमारतीच्या मागच्या सगळ्या गॅलऱ्यांतून स्वच्छ दिसते. सासूबाई त्या दुपारी गॅलरीत पापड राखत बसल्या होत्या, कारण कावळे फार झाले होते. मी पेपर तपासायला शाळेत थांबले होते; संध्याकाळी आले तेव्हा त्या थरथरत होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं. स्कूटरवर मागे बसलेला कोण होता, तेही सांगितलं. टँकर मोजायला येणारा तो सुपरवायझर.

तेव्हा टँकर त्याच्या हातात होता. नळाची जोडणी बिल्डरच्या हातात होती. इमारत अजून सोसायटीच्या नावावर झाली नव्हती. आम्ही सगळेच गिरगाव, परळ, लालबाग विकून आलेले, मागे जायला जागा नसलेले. माझे यजमान रात्री घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आपण नव्याने आलोय. हे त्यांच्या त्यांच्यातलं आहे." इमारतीत मग अळीमिळी गुपचिळी झाली. हवालदार दारोदार जबाब घेऊन गेले आणि कुणीच काही पाहिलं नव्हतं. मारहाणीचा खटला वसईच्या कोर्टात उभा राहिला आणि साक्षीदाराविना तारखा खात पडून राहिला. त्या संक्रांतीलाही तो संपलेला नव्हता.

ती बाई आता सवाष्ण नव्हती. म्हणून तिला आमच्याकडचं हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं, आणि म्हणूनच अख्ख्या इमारतीत पुस्तक न मिळालेली ती एकटीच. मला त्या रूढीची चीड यायची आणि तसं मी वर्गात मुलींपुढे भाषणही ठोकायची. पण त्या वर्षी, खरं सांगते, मी त्या रूढीचे मनातल्या मनात आभार मानले. हे पुस्तक एवढ्या एका घरात जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. त्यात माणसं कशी झोडपली जातात, हे मी मोठ्या चवीने लिहिलं होतं. हाड मोडल्याच्या आवाजासाठी अचूक शब्द सापडला म्हणून मी एका दुपारी स्वतःवर खूश होऊन चहा करून प्याले होते.

एका दुपारी मी शाळेतून येताना तिने मला हाक मारली.

"बाई, सगल्यांना पुस्तक दिलंत. मना नाय दिलंत."

"अहो वहिनी, तुम्हाला नाही आवडायचं ते," मी म्हटलं. "मारामाऱ्या आहेत नुसत्या."

"मंग काय झालं? इथं पेट्यांजवल रोज ऐकते मी. मना पन वाचायचंय. सातवी झालीय माझी, मराठी चांगलं वाचते मी."

"प्रती संपल्या हो सगळ्या. नवीन आल्या की पहिली तुम्हाला."

हे वाक्य माझ्या तोंडून पुरतं बाहेर पडतंय तोवर जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उतरल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, आणि चेहरा असा की जणू आत मेलेला उंदीर आहे. "घ्या बाई, तुमचं वाण परत," त्या म्हणाल्या. "रागावू नका, पण घरात वाढत्या वयाच्या मुली आहेत. कुठे लपवू मी हे?" वाण परत केल्याचं मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं. त्या गेल्या. कागद एका बाजूने फाटला होता आणि त्यातून पिस्तुलाची नळी बाहेर आली होती.

तळमजल्यावरच्या वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराला हात पुसून त्यांनी तो हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. दुसरं करणार काय?

"तिला कशाला दिलंस?" सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "उगाच तिच्या जखमेवरची खपली निघेल." खपली कुणाची निघणार होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पुस्तकात काय आहे, हे त्यांनी मला विचारलं नाही. पण रोज मी वर आले, की पहिला प्रश्न तोच, "अजून वाचतेय का? कुठवर आली?"

ती वाचत होती. पाटाच्या कडेला पुस्तक उघडं, वर अडकित्त्याचं वजन आणि बोटं अबोलीच्या दोऱ्यात. एखादी ओळ संपली की फूल ओवायचं. आमच्या इमारतीला जिना एकच, त्यामुळे मला रोज त्या दारावरून जावं लागे. इतर बायकांनी जे चार दिवसांत गिळलं, ते ती महिनाभर चावून चावून वाचत होती, आणि मी त्या महिन्यात माझं सगळं पुस्तक मनातल्या मनात पुन्हा वाचून काढलं. कुठल्या पानावर काय आहे, ती आता कुठल्या सळीपाशी, कुठल्या गोळीपाशी असेल, याचा विचार करत मी फळ्यावर क्रियापदं लिहायची. एरवी मला माझ्या शब्दांचा फार तोरा. आता प्रत्येक शब्द अंगावर येत होता.

मधूनच ती थांबवायची.

"बाई, 'हस्तक' म्हंजे काय?"

"दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणारा. करवणारा मागे राहतो, हा पुढे होतो."

"म्हंजे ते स्कूटरवाले," ती म्हणाली आणि फूल ओवलं.

मी घाईत असल्यासारखी वर निघून गेले. घाई कसलीच नव्हती.

होळीच्या सुमारास एका दुपारी तिने मला आत बोलावलं. त्या घरात मी तिचा नवरा गेला तेव्हा भेटायला म्हणून गेले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. त्याच्या फोटोला ताजा गजरा होता. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुस्तक आणलं. शेवटाकडच्या एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिने बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचलं:

"'दुपारची वेळ होती. जेवण झालं की माझा जरा डोळा लागतो. आवाज कानावर आला, तोवर सगळं आटपलं होतं,' म्हातारी म्हणाली. ती खोटं बोलत होती. ती पहिल्यापासून खिडकीतच उभी होती."

 कादंबरीत ही म्हातारी एका लॉजची मालकीण आहे. तिच्या खिडकीखाली एका माणसाला मारलं जातं आणि ती चौकशीला आलेल्यांना सांगते, मी झोपले होते. मूळ इंग्रजीत तिच्या तोंडी दोनच शब्द आहेत; ती खोटं बोलत होती, हे पुढचं मूळ लेखकाचंच. ते दोन शब्द मला मराठीत फार कोरडे वाटले, म्हणून मी नेहमीप्रमाणे, आपल्यात कुणी हे कसं सांगेल, असा विचार केला होता. वाक्य लगेच आलं. इतकं सहज, इतकं घरगुती, की मी खाडाखोडही केली नाही. ते कुठून आलं, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

ते आमच्या बैठकीच्या खोलीतून आलं होतं. हवालदार सोफ्यावर बसून जबाब लिहीत होते आणि मी त्यांच्यासाठी चहा घेऊन उभी होते. वरच्या आजी गॅलरीत होत्या असं हीच बाई सांगत होती, म्हणून हवालदारांनी तिला आमच्या दारात उभं केलं होतं. आणि सासूबाई जमिनीकडे बघत, शब्द न् शब्द हेच बोलल्या होत्या.

"आजींचंच हाय हे," ती म्हणाली. "'सगलं आटपलं होतं.' मी दारात होते. मी इसरले नाय."

 फोटोकडे बघवत नव्हतं.

"मना एक सांगा. हे त्या इंग्रजी पुस्तकात हाय, का तुम्ही घातलंत?"

दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्ही खोटी. मूळ पुस्तकातलं आहे म्हटलं असतं, तर मी सुटले असते, सासूबाई सुटल्या असत्या आणि हिच्या हातात पुन्हा काही उरलं नसतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मीच," मी म्हणाले.

का म्हणाले, ते अजूनही नक्की सांगता येत नाही. तिला बरं वाटावं म्हणून, की ती ज्या नजरेने बघत होती ती नजर आणखी क्षणभर अंगावर राहावी म्हणून? त्या नजरेचा लोभ मला पडला होता, हे खरं आहे.

तिचे डोळे भरून आले. "मना वाटलंच. तिथं पुढं लिवलंय ना, 'ती खोटं बोलत होती.' पोलिसांच्या कागदावर ते कोनी लिवलं नाय. वकिलांनी नाय, आमच्या भावकीतल्यांनी पन नाय. तुम्ही छापलंत. सासूचं असून छापलंत." तिने माझा हात धरला. फुलांच्या देठांनी तिची बोटं हिरवी झाली होती. "बाई, पुढल्या सोमवारी तारीख हाय. वकील म्हनतात, पाहिलेल्या मानसांतलं कोनी एक जरी उभं ऱ्हायलं तरी बास. मी आजींशी भांडत नाय. तेव्हा पान्याचं होतं, मना कलतं. आता नल आलेत. तुम्ही आजींना सांगाल? तुमचं ऐकतील त्या."

मी "बघते" म्हणाले. मराठीत "नाही" म्हणायचा तो सगळ्यात सभ्य प्रकार आहे. तिला तो होकार वाटला. तिने अबोलीचे दोन गजरे केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले.

वर दार सासूबाईंनीच उघडलं. त्या बहुधा कडीपाशीच उभ्या होत्या.

"काय म्हणाली?"

जिना चढताना मी सगळं ठरवलं होतं. कसं सुरू करायचं, कुठे थांबायचं, त्या रडल्या तर काय म्हणायचं. त्या सत्तरीच्या होत्या, रक्तदाब होता, आणि मला त्यांनी पोटच्या मुलीसारखं वागवलं होतं, हेही जिन्यातच आठवत गेलं. माझं पुस्तक त्यांचंच वाक्य घेऊन उभं आहे, हे त्यांना सांगायचं होतं. अख्ख्या इमारतीने, भजनी मंडळाने, त्या निवृत्त गृहस्थांनी ते वाक्य वाचलं होतं आणि टँकरवाला ओळखणाऱ्या त्या सगळ्यांना हा आवाज मात्र ओळखता आला नव्हता. किंवा आला असेल. आता वाटतं, आला असेल.

"आवडलं म्हणाली," मी म्हटलं.

"बघ!" सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. "आपण उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो. चांगली बाई आहे ती." मग गजरे पाहून म्हणाल्या, "किती ताजे आहेत गं," आणि ते देवाला घालायला आत गेल्या.

रविवार गेला. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा चहा हवा का असं विचारलं. पुस्तकातली माणसं कुणाला तरी घाबरून गप्प बसतात. बंदूक असते, धमकी असते. मला कुणीच धमकी दिली नव्हती. माझ्या घरातली शांतता बिघडेल, एवढंच होतं, आणि तेवढं मला पुरलं.

सोमवारी होळीची सुट्टी जोडून शाळा बंद होती. सकाळी नऊच्या सुमारास बेल वाजली. दारात ती होती. आमच्या मजल्यावर ती जबाबाच्या दिवसानंतर कधी आली नव्हती. खळ केलेली पांढरी साडी, केस चापूनचोपून बांधलेले, हातात कोर्टाच्या कागदांची पिशवी.

"आजी येतात ना?" तिने विचारलं. "खाली रिक्षा थांबवलीय. माझ्याबरोबरच नेते, परत पन सोडते. त्रास नाय होऊ देनार त्यांना."

आत स्वयंपाकघरात सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. दारातून त्या दिसत नव्हत्या, पण आमचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. जुडी सोडल्याचा आवाज थांबला.

मी दार आणखी थोडं पुढे ओढलं.

"झोपल्या आहेत हो त्या," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, एखादी ओळ पुन्हा वाचावी तसं. मग मान हलवली, पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि जिना उतरायला लागली.